देश पुढं चाललाय, खरं…

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर एका फाउंड्रीवाल्यांनी, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्या कारखानदारांनी, मला गेल्या महिन्यात एक वाक्य ऐकवलं. "देश पुढं चाललाय, खरं धंदा काय उठंना झालाय." पुण्या-मुंबईच्या वाचकांना इथं थोडं थांबवायला हवं. आमच्या बेळगावी मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'. 'येणार होतो खरं पाऊस लागला', असं आम्ही म्हणतो. 'सत्य' या अर्थी हाच शब्द आम्हीही वापरतो, आणि दिवस वाईट आले की 'काय खरं न्हाई बघा' असंही म्हणतो. एवढ्या एका शब्दात आमचं सगळं आर्थिक सर्वेक्षण उरकतं.

मी छोट्या कारखान्यांचे हिशेब लिहितो. फाउंड्र्या, मशीन शॉप, वडगावचे दोन-तीन पॉवरलूमवाले. बावीस वर्षं झाली. या कामात एक गोष्ट लवकर कळते: माणूस तोंडानं जे बोलतो आणि वहीत जे करतो, त्यांचा मेळ क्वचित बसतो. ज्यांनी आयुष्यभर रडगाणं गायलं त्यांनी तीन शेड उभ्या केल्या. आणि टीव्हीवरची आकडेवारी तोंडपाठ असलेल्या एकानं पोराला दुबईला धाडून मशीनं भंगारात काढली. देशाच्या आर्थिक भविष्याबद्दल लोक आशावादी आहेत की निराशावादी, यावर हल्ली जी हमरीतुमरी चालते ती ऐकताना मला ही दोन माणसं आठवतात. कुणाला कुठल्या रकान्यात टाकणार?

रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी ग्राहकांचा विश्वास मोजते. एकोणीस शहरांत लोकांना विचारतात: वर्षापूर्वीच्या तुलनेत देशाची आर्थिक स्थिती, रोजगार, महागाई, तुमचं उत्पन्न, तुमचा खर्च कसा आहे आणि वर्षभरानं कसा असेल? शंभरच्या वर आकडा गेला तर आशा, खाली आला तर निराशा. या एकोणीस शहरांत बेंगळूर आहे, मुंबई-नागपूर आहे, बेळगाव नाही. असू दे. मला त्यातली गंमत वेगळीच वाटते. जवळजवळ प्रत्येक फेरीत 'आज'चा आकडा खाली आणि 'उद्या'चा वर असतो. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, दवाखान्यांबाहेर रांगा लागलेल्या असताना 'आज' ४८.५ वर आलं होतं. 'उद्या' त्याही वेळी ९६.४, शंभरच्या जरासंच खाली. म्हणजे लोक सांगत होते, की आत्ता हाल आहेत, पुढचं तेवढं वाईट वाटत नाही. वर्ष उलटतं, तो 'उद्या' येतो, तेव्हा तोही 'आज' होऊन खाली बसतो आणि बोट पुढच्या वर्षाकडे जातं. या सवयीला कुणी भारतीय माणसाची चिवट आशा म्हणेल. मला वसुलीच्या वहीतला तो शेरा आठवतो: 'पुढच्या सोमवारी देतो म्हणाले.'

त्यात 'देशाचं कसं चाललंय' हा प्रश्नच असा आहे, की त्याचं उत्तर माणूस आपल्या मतानुसार देतो, म्हणजे मतपेटीतल्या मतानुसार. अमेरिकेत अशी सर्वेक्षणं कितीतरी दशकं चालू आहेत आणि तिथं अध्यक्ष बदलला की दोन्ही पक्षांच्या लोकांचा अर्थव्यवस्थेवरचा विश्वास रातोरात जागा बदलतो. पगार तोच, घर तेच, दुकानातले भाव तेच. आमच्या खडे बाजारातही वेगळं नाही. कोण कुठला चॅनेल बघतो ते माहीत असेल तर देशाबद्दलचं त्याचं उत्तर मी आधीच लिहून ठेवू शकतो. 'तुमचं काय?' असं विचारलं की मात्र आवाज उतरतो, आणि मग तारखा सुरू होतात.

माझं म्हणणं या तारखांबद्दल आहे. लोकांचा भविष्यावरचा विश्वास विकासदरावर जेवढा ठरतो, त्याच्या कितीतरी पट जास्त तो पैसे ठरलेल्या तारखेला येतात की नाही यावर ठरतो. आणि आपल्याकडे तारीख पाळायची सक्ती खालच्या माणसाला आहे, तारीख पुढं ढकलायची मुभा वरच्याला. आशा कुणाकडे सापडते आणि चिंता कुणाकडे, ते यावरून बरंचसं कळतं.

फाउंड्रीचंच घ्या. पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि भंगार रोखीनं, नाहीतर पंधरा दिवसांच्या उधारीवर. विजेचं बिल महिन्याला, आणि भट्टी विजेवरची असेल तर ते बिल बघून घाम फुटतो. साचे करणाऱ्या मोल्डिंगवाल्यांचा, ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यांचा पगार शनिवारी, त्यात एक दिवसही इकडेतिकडे चालत नाही. माल ओतला, साफ केला, पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला धाडला, की त्याचे पैसे नव्वद दिवसांनी. कधी एकशे वीस. म्हणजे वीस कामगारांचा हा कारखानदार हजारो कामगारांच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आणि ते देण्यासाठी स्वतः व्याजानं काढतो. वर जीएसटी. बिल फाडलं की कर देय झाला, गिऱ्हाइकानं पैसे दिलेत की नाही हे कुणी विचारत नाही. महिन्याच्या वीस तारखेला रिटर्न भरायचं. चुकलं तर दिवसाला पन्नास रुपये दंड आणि थकलेल्या करावर अठरा टक्के व्याज. माझा फोन दर महिन्याच्या अठरा-एकोणीसला सगळ्यात जास्त वाजतो तो यामुळे.

कायदा नाही असं नाही. २००६ चा सूक्ष्म-लघू उद्योगांचा कायदा सांगतो, की पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्या. तो कागदावरच राहिला म्हणून आयकर कायद्यात तरतूद आणली. १ एप्रिल २०२४ पासून नियम असा, की छोट्या उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येणार नाही. मी खुशीत होतो. पंधरा दिवसांत माझ्या एका कारखानदाराला गिऱ्हाइकाचा फोन आला: तुमची छोट्या उद्योगाची 'उद्यम' नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर पुढची ऑर्डर दुसरीकडे देतो. त्यांनी मला विचारलं, काय करू? मी काय सांगणार? नियम आमच्या बाजूनं होता, खरं ऑर्डर गिऱ्हाइकाच्या हातात होती.

आता या कारखानदाराला देशाच्या भविष्यावर विश्वास आहे का विचारा. तो म्हणेल, आहे की. भारत जगातली चौथी का पाचवी अर्थव्यवस्था झाला हे त्याला माहीत आहे आणि त्याचा त्याला अभिमानही आहे. माणशी उत्पन्नाचा हिशेब काढला तर आपण वर्षाला पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास घुटमळतो, हे मी सांगितलं तर तो माझ्याकडे जरा तिरकं बघेल. घरच्या लग्नात हिशेबाची वही काढणाऱ्याकडे बघावं तसं. पण त्याच माणसानं चार वर्षांत एकही नवा कामगार कायम केलेला नाही. त्याचा अभिमान खोटा नाही, आणि कामगार कायम न करणंही चुकीचं नाही. मला विचाराल तर देशाबद्दलचं त्याचं खरं मत या दुसऱ्या गोष्टीत आहे.

वरच्यांच्या तारखांकडे वळू. २०१९ साली सांगितलं गेलं, की २०२४-२५ पर्यंत देशाची अर्थव्यवस्था पाच लाख कोटी डॉलरची होणार. ते वर्ष आलं आणि गेलं, आकडा चार लाख कोटींच्या आतच राहिला. मध्ये कोविड आला, रुपया घसरला, ही कारणं खरी आहेत आणि मी ती मान्य करतो. माझ्या कारखानदारांकडेही कोविड आला होता. फरक एवढाच, की त्यांची तारीख चुकली तेव्हा दिवसाला दंड बसला. देशाची चुकली तेव्हा नवी तारीख आली, 'विकसित भारत' २०४७. तेव्हा मी सत्त्याण्णव वर्षांचा असेन, त्यामुळे वसुलीला जाणं कठीण.

हे लिहिलं की निराशावादी ठरतो, याची कल्पना आहे. असा शिक्का मारणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र मनापासून ऐकण्यासारखं आहे. अर्थव्यवस्थेत विश्वास हा नुसता परिणाम नसतो, तो कारणही असतो. केन्सनं १९३६ साली हेच मांडलं होतं, की कारखाना काढणारा माणूस निव्वळ आकडेमोड करून काढत नाही, आत कुठंतरी उठून काहीतरी करायची ऊर्मी लागते, ती आटली की उद्योगही आटतो. सगळ्यांनीच हात आखडला तर मंदी खरीच येते. मला हे पटतं. मुद्दा एवढाच, की ती ऊर्मी भाषणानं येते की शनिवारचा पगार निघेल याच्या खात्रीनं?

या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच गावचं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. तो रस्ता आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. पुढं त्यांनी लोखंडी नांगर बनवला आणि तो कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. ही गोष्ट शाळेत ऐकली तेव्हा आम्ही त्या शेतकऱ्यांना हसलो होतो. आता वाटतं, हसण्यासारखं काय होतं? किर्लोस्करांचा नांगर फसला असता तर त्यांचं एक यंत्र फसलं असतं. शेतकऱ्याचा फसला तर त्याचं अख्खं वर्ष गेलं. ज्याच्याकडे एकच वावर आहे तो सावध असणारच. त्या सावधपणाला आपण अडाणीपणा म्हणतो, आणि आज त्याचाच नातू मशीनवर कर्ज काढायला कचरला तर त्याला निराशावादी म्हणतो. आणि दुसरी बाजू. बेळगावच्या नगरपालिकेच्या योजनेत जागा गेली आणि किर्लोस्करांना गाव सोडावं लागलं, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली, दहा हजार रुपये कर्ज दिलं. १९१० साली माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजेसाहेबांनी आशावादावर व्याख्यान दिलं असेल तर ते कुणाला आठवत नाही.

निराश कोण, हे ओळखण्यात आपली आणखी एक गफलत होते. जो मोठ्यानं तक्रार करतो त्याला आपण निराश समजतो. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. २०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यात गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक टनाला साडेतीन हजार मागत दिवसचे दिवस रस्त्यावर बसले. शेवटी ३,३०० वर तोडगा निघाला. तिथं बसलेले बहुतेक कन्नड बोलणारे होते. सीमाभागातल्या आम्हा मराठी लोकांना प्रत्येक गोष्टीत भाषा शोधायची खोड आहे, पण उसाचं बिल थकतं तेव्हा चिकोडीच्या मराठी शेतकऱ्याचं आणि मुडलगीच्या कन्नड शेतकऱ्याचं सारखंच थकतं. रस्त्यावर बसलेल्या या माणसांना मी निराश म्हणणार नाही. भाव बदलता येतो, सरकार ऐकतं, यावर विश्वास असल्याशिवाय कोण थंडीत डांबरावर झोपेल? ज्यानं विश्वास सोडला त्याचा आवाजच येत नाही. तो जमिनीचा तुकडा विकून पुण्याजवळ चाकणला खोली घेतो.

शिवाय ऊस लावणं हाच एक मोठा भरवसा आहे. आडसाली लावण जुलै-ऑगस्टात होते, तोड सोळा-अठरा महिन्यांनी. लावताना भाव माहीत नसतो, कारखाना वेळेवर सुरू होईल का माहीत नसतं, तोडणीची टोळी मिळेल का माहीत नसतं. केंद्र सरकारनं २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, ठरवली. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश म्हणतो, ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर पंधरा टक्के व्याज. चौदा दिवसांत पैसे मिळालेला शेतकरी मला भेटलाय. थकल्यावर ते व्याज मिळालेला अजून भेटायचाय.

दागिन्यांचं मात्र जपून बोलायला हवं. सोनं गहाण पडतंय म्हणजे घरं मोडतायत, असा अर्थ शहरातले लोक पटकन लावतात. आमच्याकडे गावोगावच्या सोसायट्यांत दर जूनला पाटल्या, बोरमाळा जातात आणि सुगीनंतर परत येतात. माझी मावशी कडोलीची. तिची बोरमाळ लग्नानंतर गळ्यापेक्षा तिजोरीतच जास्त राहिली असेल. तिला कुणी दुःखी म्हटलेलं चालणार नाही. ते तिचं खेळतं भांडवल आहे. बियाणं, खत, रताळ्याचे वेल, मजुरी, सगळं त्यावर. १९९१ साली देशानं सत्तेचाळीस टन सोनं बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण ठेवलं तेव्हा वर्तमानपत्रांत नामुष्कीची भाषा होती. मावशी म्हणाली होती, "ठेवलं तर ठेवलं, सोडवून आणतील की." तीच बरोबर निघाली. पण हल्ली त्याच सोसायटीत सोनं दवाखान्याच्या बिलासाठी येतं, पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी येतं, आणि सोन्याचा भाव तोळ्याला लाखापुढं गेल्यामुळे त्याच बोरमाळेवर जास्त कर्ज मिळतं. तारण वाढलं एवढा आकडा घेऊन कुणी आशा किंवा निराशा मोजायला बसला तर फसेल. बियाण्यासाठी गेलेलं सोनं सुगीची तारीख घेऊन जातं. दवाखान्यासाठी गेलेल्याला परतायची तारीखच नसते.

घरातल्या बायकांच्या बोलण्यातही हेच ऐकू येतं. इथल्या सुनेला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये २०२३ पासून मिळू लागले. सीमेपलीकडे चंदगडला दिलेल्या नणंदेला २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार. दोघी भेटल्या की कुणाला किती, यापेक्षा कुणाचे कधी जमा झाले याचीच चर्चा जास्त. भिशीचा हप्ता त्या पैशांवर लावलेला असतो. तीन महिन्यांचे पैसे एकदम आले तर ते फ्रिजच्या दुरुस्तीत जातात, महिन्याच्या महिन्याला आले तर भिशीत जातात. रक्कम तेवढीच राहते, पण दुसऱ्या प्रकारात बाई वर्षभराचा बेत आखू शकते.

आणि बेत आखण्याची मुदतच कापली गेली तर काय होतं, तेही आमच्याकडे दिसतं. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. खानापूर, यळ्ळूर, उचगाव भागात पहाटे पाचला रस्त्यावर पळणारी पोरं दिसतात, अजूनही. पूर्वी भरती झाली की पंधरा वर्षांची नोकरी आणि नंतर पेन्शन, या भरवशावर गावात स्लॅबची घरं उभी राहिली. २०२२ पासून अग्निवीर. चार वर्षं, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाख रुपये घेऊन घरी. लष्कराच्या दृष्टीनं ही योजना बरी की वाईट, ते मला कळत नाही आणि त्यात मी पडत नाही. पण एकविसाव्या वर्षी भरती झालेल्या पोराच्या बापानं मला विचारलं, घराला कर्ज किती वर्षांचं काढू? बँकेनं त्याला उत्तर दिलं, माझ्याकडे नव्हतं. त्या पोराची देशावरची निष्ठा कुणी मोजायला जाऊ नये, ती पुरेपूर आहे. त्याच्या आशेची मुदत मात्र चार वर्षांची झालीय.

खरं तर तारखांच्या बाबतीत सीमाभागाइतकं मुरलेलं गाव दुसरं नसेल. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १९६७ ला महाजन अहवाल आला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. माझ्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी, तिघांनी वाट बघितली. बघताना वडिलांनी शहापुरात घर बांधलं, मी कार्यालय थाटलं, आणि मुलगा कन्नड माझ्यापेक्षा चांगलं बोलतो कारण त्याला इथल्या कचेऱ्यांत काम करायचंय. एखाद्या सर्वेक्षणवाल्यानं मला विचारलं, की सीमाप्रश्न सुटेल असं वाटतं का, तर मी 'हो' म्हणेन. त्या 'हो'वर मी कुठलंही कर्ज काढलेलं नाही.

म्हणून सरकारनं लोकांकडे विश्वास मागणं बंद करावं आणि स्वतःच्या तारखा पाळाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. पंचेचाळीस दिवस म्हणजे पंचेचाळीस, आणि छोट्या कारखानदाराला स्वतः गिऱ्हाइकावर तक्रार करायला लावू नका. तो करणार नाही, त्याला पुढची ऑर्डर हवी असते. कुणाचं बिल कधी फाडलं ते जीएसटीच्या संगणकाला दिसतंच. माझ्या कारखानदाराची तारीख चुकल्यावर दिवसाचे पन्नास रुपये जे यंत्र न विसरता लावतं, त्याला थकबाकीदार मोठ्या कंपनीचे दिवस मोजायला शिकवणं अवघड नसावं. उसाच्या चौदा दिवसांचंही तसंच.

चहाच्या गाड्यावरचे ते फाउंड्रीवाले गेल्या आठवड्यात कार्यालयात आले. जुनी इंडक्शन भट्टी बघून ठेवलीय, सेकंडहँड, कोल्हापूरची. कर्जाचा अर्ज भरून हवा होता. अर्ज भरताभरता दोनदा म्हणाले, "काय खरं न्हाई वो." हप्ता महिन्याच्या कितव्या तारखेला ठेवायचा, असा रकाना आला. मी दहा लिहिणार होतो. "दहा नको," ते म्हणाले, "पंधरा घाला. गिऱ्हाइकाचं पेमेंट लांबूलंय."